नगराचें स्मृतिमंदिर : भायखळ्याचें वस्तुसंग्रहालय



एखाद्या मोठ्या नगरींत आपण पाहुणे म्हणून गेलों, म्हणजे यजमान प्रथम आपल्याला तेथील देऊळ दाखवितो, मग बाजार दाखवितो, आणि गाडीला अवकाश असेल तर जातां जातां वस्तुसंग्रहालय दाखवितो. यजमानालाच विचारावें कीं, 'आपण येथें पूर्वीं केव्हां आलां होतां?' तर बहुधा उत्तर मिळतें, 'मागचे पाहुणे आले होते तेव्हां.' वस्तुसंग्रहालय हें परगांवच्या माणसानें पाहावयाचें स्थळ आहे, गांवांत राहणाऱ्याचा त्याच्याशीं नित्याचा संबंध नाहीं, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आज मला या समजुतीविषयींच चार शब्द बोलावयाचे आहेत. तें बोलणें हवेंत राहूं नये म्हणून मुंबईंतील सर्वांत जुन्या वस्तुसंग्रहालयाचा इतिहास आपल्यापुढें ठेवणार आहें. भायखळ्यास राणीच्या बागेंत जी देखणी इमारत उभी आहे आणि जिला आज डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय म्हणतात, तिचा हा इतिहास आहे.

आपल्याकडे अशा स्थळाला पूर्वीं अजबखाना म्हणत. नागपुरास १८६३ सालीं जें मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झालें, त्याला तेथील लोक अद्यापि 'अजब बंगला' असेंच म्हणतात. नांव मोठें बोलकें आहे. जें नित्याचें नाहीं, जें आपल्या घरचें नाहीं, तें अजब. अजबखान्यांत माणूस एकदां जातो, चकित होतो आणि परत येतो. त्यानें पुन्हा जावें असें त्याला कारण उरत नाहीं. परंतु त्याच स्थळीं आपल्या पूर्वजांचे हात, आपल्या गांवाचें रूप आणि आपल्या भाषेंतील वस्तूंचीं नांवें त्याला ओळखूं येऊं लागलीं, म्हणजे तेथें जाण्याचा त्याला कंटाळा येत नाहीं. अशा वेळीं अजबखान्याचें स्मृतिमंदिर होतें. हें रूपांतर कसें घडतें, आणि लक्ष उडालें कीं त्याच मंदिराची अडगळीची खोली कशी होते, हें दोनहि भायखळ्याच्या इतिहासांत स्पष्ट पाहावयास मिळतें.

इ. स. १८५१ सालीं लंडन येथें हाइड पार्कमध्यें जगांतील उद्योगधंद्यांचें थोरलें प्रदर्शन भरलें, आणि त्यांत हिंदुस्थानांतून गेलेल्या वस्तूंनीं पाहणारांचे डोळे दिपले. पुढें १८५५ सालीं पॅरिसला तसेंच प्रदर्शन भरावयाचें ठरलें, तेव्हां मुंबई इलाख्यांतूनहि वस्तू गोळा होऊं लागल्या. त्या वस्तूंच्या जोडीचे नमुने येथें ठेवून घेऊन कोटांतील टाउन बरॅक्समध्यें 'सरकारी मध्यवर्ती संग्रहालय' स्थापन करण्यांत आलें. या स्थापनेमागील हेतु ध्यानांत घ्यावा. कोणत्या प्रांतांत काय पिकतें, काय निपजतें, आणि व्यापाराला त्याचा उपयोग कोणता, हें एका छपराखालीं दिसावें, एवढाच तो हेतु होता. एका अर्थानें तें मालाच्या नमुन्यांचें कोठार होतें. हिंदी कारागीर त्यांत होता तो माल निपजविणारा म्हणून. मुंबईचा नागरिक तर त्यांत कोठेंच नव्हता.

या कोठाराची परीक्षा लौकरच झाली. १८५७ सालीं उत्तरेंत उठावाचा वणवा पेटला आणि बरॅकी सैन्यासाठीं हव्या झाल्या. संग्रह तांतडीनें हलविण्यांत आला; त्या घाईंत पुष्कळ वस्तू मोडल्या व पुष्कळ गहाळ झाल्या. उरलें सुरलें तें टाउन हॉलमध्यें गेलें, आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनीं त्याची निगा राखण्याचें काम अंगावर घेतलें. ज्या वस्तूवर कोणाचाच जीव जडलेला नसतो, तिची अडचणीच्या वेळीं हीच गति होते.

१८५८ सालीं कंपनीचें राज्य जाऊन राणीचें राज्य आलें. त्या निमित्तानें टाउन हॉलमध्यें नागरिकांची जाहीर सभा भरली, आणि संग्रहालयासाठीं स्वतंत्र इमारत उभारण्याचा संकल्प झाला. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, डेव्हिड ससून अशीं नगरांतील वजनदार माणसें या कार्यांत पडलीं. हिंदु, पारशी, ज्यू, इंग्रज अशा निरनिराळ्या समाजांतून वर्गणी जमूं लागली. राणीवरील निष्ठा प्रकट करणें हा त्या सभेचा उघड हेतु होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. इमारतीचें नांवहि 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम' असेंच ठेवण्यांत आलें. परंतु नांव राणीचें असलें तरी वर्गणीच्या यादींत नांवें मुंबईकरांचीं होतीं. सरकारनें मांडलेल्या पंगतींत जाऊन बसणें वेगळें आणि दहा घरांनीं शिधा देऊन मांडलेली पंगत वेगळी. या संग्रहालयाच्या आयुष्यांत नगरवासीयांचा हक्क प्रथम येथें उत्पन्न झाला.

या मंडळींपैकीं भाऊ दाजींविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. रामकृष्ण विठ्ठल लाड हें त्यांचें मूळ नांव. जन्म गोमंतकांतील मांद्रें गांवीं. घरची गरिबी, मातीच्या बाहुल्या विकून आईबाप प्रपंच चालवीत. मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकला आणि पुढें ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडींतून १८५१ सालीं पदवी घेऊन बाहेर पडला. वैद्यक हा त्यांचा व्यवसाय. परंतु शिलालेख व ताम्रपट वाचण्याचा त्यांचा व्यासंग असा कीं, अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांविषयींचें त्यांचें संशोधन विद्वानांत मान्य झालें. महारोगावर औषध शोधण्यांत त्यांनीं वर्षें घालविलीं. बॉम्बे असोसिएशन ही लोकांचीं गाऱ्हाणीं मांडणारी संस्था १८५२ सालीं निघाली, तेव्हां तिच्या चिटणीसांत ते होते. १८५३ सालीं विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हां त्यांना आश्रय व उत्तेजन देणाऱ्यांतहि ते होते. आणि ज्या ग्रँट रोडवरील नाटकगृहांत भाव्यांचे खेळ झाले, तें १८४६ सालीं नाना शंकरशेट यांच्या जागेवर उभें राहिलें होतें. म्हणजे दवाखाना, शाळा, राजकीय सभा, नाटकगृह आणि वस्तुसंग्रहालय हीं या पिढीच्या दृष्टीनें पांच वेगळालीं खातीं नव्हतीं. नगर जगावयाचें तर त्याला हीं सारींच हवींत, अशी त्यांची सरळ समजूत होती.

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, त्याचा विचार करूं. ज्या नगरांत लोकांना प्यावयाला पुरेसें पाणी नाहीं आणि निजावयाला जागा नाहीं, तेथें जुन्या वस्तूंवर पैसा खर्चणें ही श्रीमंतांची चैन नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु त्याला उत्तर या इमारतीच्या पायांतच आहे. तिचा पहिला आराखडा विल्यम ट्रेसी यांनीं केला. हे गृहस्थ मुंबईच्या सांडपाण्याच्या निचऱ्याची योजना आंखणारे इंजिनिअर होते. ज्या हातानें गटारांचे नकाशे काढले, त्याच हातानें संग्रहालयाचा नकाशा काढला. आणि जो डॉक्टर महारोग्यांना तपाशी, तोच त्यासाठीं वर्गणी जमवी. गटार बांधल्यानें नगर निरोगी होतें. परंतु आपण कोण व कोठून आलों हें नगराला गटारापासून कळत नाहीं. ती भूक निराळी आहे, आणि ती गरिबालाहि असते.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें पायाभरणी झाली. तो काळ मुंबईंत पैशाच्या पुराचा होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरचा कापसाचा पुरवठा तुटला होता, आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या, आणि शेअरांचें वेड घराघरांत शिरलें. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें आणि तो फुगा फुटला. कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. स्वतः भाऊ दाजींनाहि त्यांत मोठी ठोकर बसली. संग्रहालयाचें काम पैशाअभावीं रेंगाळलें. ट्रेसी त्यापूर्वींच वारले होते. दुसऱ्या वास्तुविशारदांनीं काम पुढें चालविलें आणि सरकारनें मदत देऊन इमारत पुरी केली. २ मे १८७२ रोजीं ती लोकांना खुली झाली. नाना शंकरशेट तो दिवस पाहावयास राहिले नव्हते. ते १८६५ सालींच गेले. भाऊ दाजी त्यानंतर दोनच वर्षें जगले. सट्ट्यांत उभ्या राहिलेल्या किती तरी कंपन्यांचीं आज नांवेंहि कोणाला आठवत नाहींत. त्याच दिवसांत वर्गणीनें आरंभलेली ही इमारत मात्र उभी आहे. पैशाचें काय करावें, याविषयीं मुंबईसारख्या व्यापारी नगरानें यापासून घ्यावा तो बोध घ्यावा.

आतां आपण आंत जाऊं. बाहेरून इमारत इटालियन घाटाची, शांत व भारदस्त आहे. आंत पाऊल टाकतांच ओतीव लोखंडाचे उंच खांब, नक्षीचे कठडे, सोन्याची कलाकुसर आणि रंगीत फरशी यांनीं दृष्टि भरून जाते. मध्यभागीं ससून यांनीं दिलेला राजपुत्र आल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे. परंतु माझ्या मतें या संग्रहालयाचें खरें धन या थाटांत नाहीं. तें लहान लहान कपाटांत आहे. बिदरी काम, हस्तिदंती काम, चांदीचें काम, मुंबईच्या कलाशाळेंत घडलेलीं मातीचीं भांडीं, जुन्या मुंबईचे नकाशे, होड्यागलबतांचे नमुने, पारशी समाजाच्या दोखम्याची प्रतिकृति आणि या सर्वांहून वेधक म्हणजे मातीचे देखावे. विसाव्या शतकाच्या आरंभीं सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स हे या संग्रहालयाचेहि व्यवस्थापक होते. त्यांच्या कारकीर्दींत असे पुष्कळ नमुने तयार झाले. निरनिराळे धंदे, खेळ, ग्रामजीवनांतील प्रसंग, आणि पगडीवरून माणूस कोणत्या समाजाचा हें ओळखतां यावें म्हणून केलेलीं मातीचीं मस्तकें, असा हा सारा संसार आहे.

त्या मांडणीमागें राज्यकर्त्यांची दृष्टि होती, हें खरें आहे. माणसांची जातवार व धंदेवार वर्गवारी लावून तीं कांचेआड ठेवावयाचीं, म्हणजे देश कळला, अशी ती दृष्टि होती. परंतु कपाट साहेबाचें असलें तरी समोर उभा राहणारा माणूस साहेब नव्हता. भायखळा, लालबाग, परळ या भागांत गिरण्या वाढल्या, आणि कोंकणांतून व घाटावरून आलेला कामगार तेथील चाळींत राहूं लागला. सुटीच्या दिवशीं बायकामुलांना घेऊन राणीच्या बागेंत जावयाचें ही त्याची मोठी करमणूक. तेथून तो या इमारतींत शिरे. कारागिराचें मातीचें चित्र पाहतांना व्यापारी नमुन्याचें त्याला सोयरसुतक नसे. तो म्हणे, 'आमच्या गांवचा अमका असाच बसतो'. आणि मुलाला हत्यारांचीं नांवें सांगे. या नांवें सांगण्यांतच संग्रहालयाचा हेतु पालटला. ज्यांचे नमुने मांडले होते, तेच पाहावयास आले, आणि मग त्या कोठाराला घरपण आलें.

मीं शाळेंत असतांना मुलांना घेऊन अशा संग्रहालयांत पुष्कळदां गेलों आहें. मुलांना भरधांव सर्व दालनांतून फिरविलें तर घरीं जाईपर्यंत त्यांच्या ध्यानांत कांहीं राहत नाहीं. परंतु 'एकच वस्तु निवडा, ती कशाची आहे, कोणी व कशी केली असेल, तुमच्या घरीं तिच्या जागीं आतां काय आहे, एवढें लिहून आणा,' असें सांगितलें, तर जो मुलगा वर्गांत कधीं तोंड उघडीत नाहीं तोहि बोलूं लागतो. कारण पुष्कळदां त्याच्या आजोबांचा धंदाच त्या कपाटांत असतो. इतिहासाच्या पुस्तकांत राजे असतात; आजोबा बहुधा संग्रहालयांतच भेटतात.

इमारतीच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे. त्याच्याकडे लोक सहसा वळून पाहत नाहींत, म्हणून त्याची हकीकत सांगतों. घारापुरी बेटावर हा प्रचंड हत्ती उभा होता, आणि त्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा हें नांव दिलें. १८६४ सालीं हा हत्ती विलायतेला नेण्याचा घाट घालण्यांत आला. उचलतांना यारी तुटली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मग मुंबईंतच राहिले, आणि १९१४ सालीं राणीच्या बागेंत जुळवून पुन्हा हत्ती उभा करण्यांत आला. यारी तुटली नसती तर आज तो समुद्रापार गेलेला असता. आपल्या किती वस्तू अशा गेल्या आणि परत आल्या नाहींत! हा एक मोडला म्हणून राहिला. त्याच्या अंगावरील सांधे पाहिले म्हणजे वाटतें कीं, आपल्या स्मृतीचीहि अवस्था अशीच आहे. ती अखंड राहिलेली नाहीं, जुळवून उभी करावी लागते.

मध्यंतरीं मुंबईनें दुसरेंहि थोर संग्रहालय उभारलें. १९०४ सालीं नागरिकांनीं मनावर घेतलें. १९०५ सालीं पायाभरणी झाली. जॉर्ज विटेट यांनीं विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारी इमारत बांधली. पहिल्या महायुद्धांत तेथें सैनिकांचें रुग्णालय होतें, आणि १० जानेवारी १९२२ रोजीं तें संग्रहालय म्हणून खुलें झालें. आज तें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नांवानें ओळखलें जातें. तें झालें हें उत्तमच झालें. परंतु विद्वानांचें व धनिकांचें लक्ष तिकडे गेलें, आणि भायखळ्याची जुनी इमारत मागें पडत गेली. १९७५ सालीं तिला भाऊ दाजींचें नांव देण्यांत आलें. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाचें नांव मातीच्या बाहुल्यांनीं भरलेल्या घराला लाभलें, हा योग विलक्षण होता. तथापि केवळ नांव पालटल्यानें छत गळावयाचें थांबत नाहीं. इमारत जीर्ण होत गेली, रंगांच्या थरांखालीं मूळची कलाकुसर झांकून गेली, आणि बागेंत येणारे लोक वाघ व माकडें पाहून परत जाऊं लागले.

२००३ सालीं मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक ही वारसा जपणारी संस्था यांनीं एकत्र येऊन जीर्णोद्धाराचें काम हातीं घेतलें. नगरपालिका, धनिक आणि जाणकार हे तिघे एकत्र आले, म्हणजे १८५८ च्या सभेचीच ही दुसरी आवृत्ति होती असें म्हणावयास हरकत नाहीं. २००५ सालीं युनेस्कोनें आशिया-पॅसिफिक विभागांतील वारसा-संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला, आणि २००८ सालीं संग्रहालय पुन्हा खुलें झालें. त्यानंतर तेथें हयात चित्रकारांचीं प्रदर्शनेंहि भरूं लागलीं. २०१४ सालीं चित्रकार अतुल डोडिया यांनीं तेथें जें प्रदर्शन मांडलें, त्याची कल्पनाच अशी होती कीं, या देशांतील गांवोगांवीं एकेक संग्रहालय असावें. जुन्या वस्तूंच्या शेजारीं आजच्या कलावंताला बसविलें, म्हणजे जुन्यालाहि जाग येते आणि नव्यालाहि आपलें कुळ कळतें.

अशीं गांवोगांवचीं संग्रहालयें उभीं करावयाचीं तर त्यासाठीं राजवाडा व लक्षावधि रुपयेच हवे असतात, असें कोणी समजूं नये. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचें उदाहरण आपल्यासमोर आहे. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे हे गृहस्थ. धंदा चष्म्यांच्या दुकानाचा. त्यांनीं गांवोगांव हिंडून समया, अडकित्ते, वज्री, फण्या, दौती, कुलपें, वाद्यें, स्वयंपाकघरांतील भांडीं अशा हजारों वस्तू जमविल्या, अकालीं गेलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्या संग्रहाला दिलें, आणि तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका बापाचें दुःख साऱ्या नगराची ठेव झालें. त्या संग्रहांत हिंडणाऱ्या आजीबाई प्रत्येक कपाटाशीं थबकतात आणि नातवंडांना म्हणतात, 'हें आमच्याकडे होतें.' कोणत्याहि अभिरक्षकानें लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षां हें वाक्य मोलाचें आहे.

आतां शेवटची गोष्ट. १९८२ च्या संपानंतर गिरणगांवांतील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. सुमारें अडीच लाख कामगारांचा तो संसार होता. आज त्या परिसरांत भोंगे ऐकूं येत नाहींत. चिमण्या होत्या तेथें उंच मनोरे उभे राहिले आहेत. ज्या कामगारानें मातीच्या देखाव्यासमोर उभें राहून मुलाला हत्यारांचीं नांवें सांगितलीं, त्याचा स्वतःचा धंदाच आतां देखावा होण्याची वेळ आली आहे. त्याचा डबा, त्याचें हजेरीचें कार्ड, खोलींतला माळा, भजनाची झांज, हें सारें एका पिढीच्या आंत भंगारवाल्याच्या गाडीवर जाईल. तें जाऊं द्यावयाचें कीं ठेवावयाचें, हा निर्णय सरकार करणार नाहीं. तो घराघरांतून करावा लागेल.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांना माझें सांगणें एवढेंच आहे. आपल्या नगरांतील संग्रहालयांत वर्षांतून चारदां तरी मुलांना घेऊन जावें. सर्व पाहण्याचा हव्यास धरूं नये. एक दालन, एक कपाट पुरे आहे. घरांतील वडील माणसांना बरोबर न्यावें, आणि आपण गप्प राहून त्यांना बोलूं द्यावें. माळ्यावरची जुनी वस्तु टाकून देण्यापूर्वीं तिचें नांव, ती कोणी वापरली व कशासाठीं वापरली, हें एका कागदावर लिहून ठेवावें. आणि संग्रहालयाचें छत गळतें आहे असें दिसलें, तर आपल्या घराचें गळावें तसें त्याविषयीं बोलावें, लिहावें, विचारावें. सरकारी कोठार होतें तोंवर हा संग्रह एका हुकुमासरशीं रस्त्यावर आला; नागरिकांनीं आपला मानला तेव्हां सट्ट्याच्या पडझडींतूनहि त्याला घर मिळालें; आणि त्यांनीं पाठ फिरविली तेव्हां सोन्याच्या कलाकुसरीवर धूळ चढली. इमारत एकदांच बांधावी लागते. तिच्यावरचा आपला हक्क मात्र प्रत्येक पिढीला पायीं चालत जाऊन नव्यानें सांगावा लागतो.